इंग्लंडमधलं जुनं सेमी कसं वाचायचं: एक घर बघू नका, जोडी बघा

इंग्लंडला शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे आलेल्या आपल्या लोकांना इथली जुनी घरं फार आवडतात, फोटो पण भरपूर काढतात, पण हे घर कधीचं असेल असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "व्हिक्टोरियन असेल". व्हिक्टोरिया राणी 1837 ते 1901 गादीवर होती, म्हणजे जवळजवळ चौसष्ट वर्षं, तेवढ्या काळात घर बांधायची पद्धत चारदा बदलली. थोडं नीट बघितलं ना तर रस्त्यावर उभं राहूनच घराचं वय दहा-पंधरा वर्षांच्या अंदाजाने सांगता येतं, आणि त्यासाठी आर्किटेक्ट असायची गरज नाही, कुठल्या क्रमाने बघायचं ते कळायला हवं, तेच इथे लिहितेय.

मी मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, अशाच एका जोडीतल्या अर्ध्या घरात राहते. सेमी-डिटॅच्ड, इथे सगळे नुसतं सेमीच म्हणतात. आपल्याकडे नाशिकला, पुण्याला ट्विन बंगलो म्हणतात तसंच, दोन घरं, मधली भिंत सामाईक, बाकी तीन बाजू मोकळ्या. आणि हो, इथे टेरेस म्हटलं की गच्ची नाही, ती रो हाऊसची लांब रांग. जाहिराती वाचताना नवीन माणसाचा यात हमखास घोळ होतो.

तर पहिलं काम. घराच्या दारात जाऊ नका, समोरच्या फुटपाथवर जा आणि दोन्ही अर्धी एका नजरेत येतील असं मधोमध उभं राहा. सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर हेच. जोडी एकाच बिल्डरने एकाच वेळी, आरशातल्यासारखी उलटसुलट बांधलेली असते, पण त्या दिवसापासून मालक दोन, खिसे दोन, आवडी दोन. एकाने खिडक्या बदलल्या, दुसऱ्याने छप्पर. म्हणून जे दोन्हीकडे सारखं आहे ते बहुतेक मूळचं, आणि जिथे फरक दिसतो तिथे दोघांपैकी एकाकडे मूळ गोष्ट शिल्लक असायची शक्यता खूप. जुळ्या भावांपैकी एकाचे लहानपणीचे फोटो हरवले तर दुसऱ्याचे बघायचे, तसं.

आमच्या घराला मी आले तेव्हा दार प्लास्टिकचं होतं, त्याच्यावर साधी काच, आत पॅसेजमध्ये लॅमिनेट. मला वाटायचं या घरात जुनं काही राहिलंच नाही. मग एकदा शेजारच्या आजींनी चहाला बोलावलं आणि त्यांच्या दारातून आत पाऊल टाकलं तर खाली लाल, काळ्या, पिवळसर फरश्यांची नक्षी, दाराला चार पॅनेलं, वर लाल-निळ्या काचेची पट्टी, जिन्याचा कठडा पूर्ण. त्यांचे सासरे त्या घरात आले तेव्हापासून कोणी काही बदललंच नव्हतं. घरी येऊन मी कोपऱ्यातलं लॅमिनेट उचकटून बघितलं, खाली तीच नक्षी, निम्मी फुटलेली पण तीच. माझ्या घराचा इतिहास त्यांच्या घरात जपून ठेवलेला होता. तेव्हापासून मी कुठलंही सेमी एकटं बघत नाही.

आता दुसरी गोष्ट, दारं कुठे आहेत ते बघा. दोन्ही दारं मधे एकमेकांना लागून आहेत, का दोन टोकांना आहेत, का पार बाजूच्या भिंतीत लपवलीयेत? यावरून बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं. सुरुवातीच्या काळात, म्हणजे 1790 ते 1840 च्या आसपास, हेतू असा असायचा की लांबून बघणाऱ्याला एकच मोठा श्रीमंत बंगला वाटला पाहिजे, त्यामुळे दारं बाजूला, थोड्या मागे सरकलेल्या बुटक्या भागात, आणि समोरचा सगळा दर्शनी भाग एकसंध. लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागात एअर इस्टेटचा, म्हणजे एअर घराण्याच्या जमिनीचा, 1794 चा एक नकाशा आहे, त्यात अशा जोड्या आखलेल्या आहेत, रांगेची सवय असलेल्या शहरात ही मोठीच नवी गोष्ट होती. त्याच दशकात ब्लॅकहीथला मायकेल सर्ल्स या आर्किटेक्टने द पॅरागॉनचं काम काढलं, अर्धवर्तुळात सात जोड्या आणि दोन जोड्यांच्या मधे खांबांची बुटकी ओसरी, म्हणजे घरं सुटी पण आणि एका माळेत पण. क्लार्कनवेल जवळच्या लॉइड बेकर इस्टेटमध्ये 1820-30 च्या दशकातल्या जोड्या आहेत, तिथे दोन घरांवर मिळून एकच रुंद त्रिकोणी माथा आहे, देवळाच्या दर्शनी भागासारखा, मला ही घरं फार म्हणजे फार आवडतात कारण इतक्या साध्या विटांमधून इतका रुबाब आणलाय.

आणि या कल्पनेचा कळस बघायचा तर बेजवॉटरला पोर्चेस्टर टेरेसवर 3 आणि 5 नंबर. जॉन क्लॉडियस लाउडन हा बागांवर आणि घरांवर लिहिणारा माणूस, त्याने 1823 पासून ही जोडी स्वतःसाठी बांधून घेतली आणि एका अर्ध्यात शेवटपर्यंत राहिला. समोर बरोबर मधे काचेचा घुमट असलेलं छोटं झाडांचं दालन, त्यामुळे सामाईक भिंत कुठे असेल याचा पत्ताच लागत नाही, नजर घुमटावरच जाते. मधली रेघ लपवायची हा त्या काळाचा ध्यास होता असं मला वाटतं.

पुढे 1850-60 नंतर मध्यमवर्ग वाढला, रेल्वेमुळे लोक शहराबाहेर राहायला लागले, आणि सेमी म्हणजे काही लपवायची गोष्ट उरली नाही. मग दारं समोर आली, कधी मधे जोडीने, कधी टोकांना. इथे राहणाऱ्याच्या दृष्टीने पण फरक पडतो बरं का, दारं मधे असतील तर दोघांचे पॅसेज आणि जिने एकमेकांना लागून असतात आणि बसायच्या खोल्या लांब राहतात, म्हणजे शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही. दारं टोकांना असतील तर दोघांच्या बैठकीच्या खोल्या त्याच एका भिंतीला टेकलेल्या असतात. घर भाड्याने किंवा विकत घेताना हे आधी बघा, बेडरूम किती ते नंतर.

तिसरी पायरी, ती मधली रेघ शोधा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. सगळ्यात वर धुराडं. मधल्या भिंतीवर एकच दांडगं धुराडं असेल तर दोन्ही घरांच्या चुली, म्हणजे फायरप्लेस, त्या भिंतीला पाठीला पाठ लावून आहेत. वरची मातीची भांडी मोजा, सहसा एका फायरप्लेसला एक नळी आणि एक भांडं, म्हणजे घरात किती खोल्या कोळशावर गरम व्हायच्या ते बाहेरूनच कळतं. एका बाजूची भांडी गायब असतील तर त्या मालकाने फायरप्लेस बंद केल्या, 1956 च्या क्लीन एअर ॲक्टनंतर आणि पुढे गॅस हीटिंग आल्यावर असं घरोघरी झालं.

मग जरा खाली या. मधे वरच्या मजल्यावर पुष्कळदा दगडी पाटी असते, घराचं नाव नाहीतर साल कोरलेलं. ते साल मिळालं तर अर्धं काम झालं, फक्त दगड नंतर बसवलेला तर नाही ना, बाजूच्या विटा कापून घातलाय का, एवढं बघा.

आणि त्याच मधल्या रेघेवर बुजवलेली खिडकी दिसली की कोणीतरी लगेच सांगतंच, "विंडो टॅक्स!" खिडक्यांवरचा कर खरा होता, 1696 पासून 1851 पर्यंत होता, आणि लोकांनी तो चुकवायला खिडक्या बुजवल्या हेही खरं. पण जोडीच्या मधोमध असलेली बंद खिडकी ही बऱ्याचदा कधी उघडी नव्हतीच! तिच्यामागे सामाईक भिंत नाहीतर धुराड्याची नळी आहे, तिथे खिडकी काढणार कशी, पण दर्शनी भागाचा तोल सांभाळायला तेवढ्या मापाचा कोनाडा करून ठेवला. ओळखायचं कसं तर कोनाड्यातल्या विटा बघायच्या. आजूबाजूच्या विटांसारख्याच रंगाच्या, त्याच थरात, कडेच्या विटांमध्ये दात बसावेत तशा गुंतलेल्या असतील तर ती पहिल्यापासून बंद. विटा वेगळ्या रंगाच्या आणि कडेला सरळ उभी फट असेल तर नंतर बुजवलीय.

ही सरळ उभी फट लक्षात ठेवा, ती फार उपयोगाची आहे. भिंत एकदम बांधली की विटा एकमेकांत गुंततात, नंतर जोड दिला की वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ राहते. बाजूचा बुटका दाराचा भाग पुढे कोणीतरी एक मजला उंच केला, मागे किचन वाढवलं, दोन जोड्यांमधली मोकळी जागा भरून टाकली, हे सगळं ती रेघ सांगते.

चौथं, खिडक्या. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. जुनी खिडकी म्हणजे सॅश, दोन फ्रेमा वर-खाली सरकणाऱ्या, भिंतीत लपलेल्या वजनांवर आणि दोरीवर तोललेल्या. आधी तावदानं मोजा. काचेवर वजनानुसार कर होता तो 1845 ला गेला, आणि मोठ्या काचा करायचं तंत्र पण त्याच सुमाराला पुढे गेलं, बर्मिंगहॅमजवळ स्मेथिकच्या चान्स ब्रदर्सने 1830 च्या दशकात सिलिंडरची शीट ग्लास इथे आणली. त्यामुळे आधीच्या खिडकीत वर सहा खाली सहा अशी छोटी तावदानं आणि बारीक लाकडी पट्ट्या, नंतर वर दोन खाली दोन, आणि शेवटी वर एक खाली एक अखंड काच. पण मधल्या पट्ट्या गेल्यावर मोठ्या जड काचेचा सगळा भार फ्रेमच्या कोपऱ्यांवर यायला लागला, म्हणून कोपऱ्याचं लाकूड थोडं लांब ठेवून खाली नक्षीदार शेपूट काढलं, त्याला इथे हॉर्न म्हणतात. हॉर्न दिसला की खिडकी साधारण 1840 च्या नंतरची. वर सहा खाली सहा तावदानं आणि तरी हॉर्न, असं दिसलं तर थांबा, ती बहुतेक नंतर केलेली नक्कल आहे.

लंडनमध्ये अजून एक खूण आहे. 1666 च्या आगीनंतर लाकडाची भीती बसलेली होती, तर 1709 च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत सरकवायला लावली, आणि 1774 च्या कायद्याने चौकटीची पेटीच विटांच्या मागे लपवायला लावली. त्यामुळे लंडनच्या जुन्या घरात चौकट किती दिसते यावरून शतकाचा अंदाज येतो. बाकी गावांमध्ये ही पद्धत सावकाश पोचली म्हणून तिथे फक्त याच्यावर विसंबू नका. काच जुनी आहे का बघायला तिरकं उभं राहा आणि तिच्यात समोरच्या झाडाचं प्रतिबिंब बघा, हलल्यासारखं, पाण्यातल्यासारखं दिसलं तर जुनी, आरशासारखं सपाट दिसलं तर नवी. अशी काच घरात असेल तर कोणी कितीही सांगो, फेकू नका.

पाचवं, विटा. वीट लांब बाजूने लावलीय का आखूड बाजूने ते बघायचं. एकाच थरात एक लांब एक आखूड, एक लांब एक आखूड असं असेल तर त्याला फ्लेमिश बाँड म्हणतात, जॉर्जियन (व्हिक्टोरियाच्या आधीच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या) आणि व्हिक्टोरियन दर्शनी भागावर हाच जास्त. एक थर पूर्ण लांब, पुढचा पूर्ण आखूड, तो इंग्लिश बाँड. आणि सगळ्याच विटा लांब बाजूने दिसत असतील तर भिंत बहुतेक दोन पदरी, मधे पोकळी असलेली, असल्या भिंती 1920 नंतर सर्रास झाल्या. खात्री करायची असेल तर दाराशी भिंतीची जाडी मोजा, जुनी अखंड भिंत साधारण 9 इंच, पोकळीवाली 11 च्या आसपास, आतला गिलावा धरून थोडी जास्त.

इथे मला जरा कळकळीने सांगायचंय. जुन्या अखंड भिंतीच्या विटांमधे चुना आहे, सिमेंट नाही. आपल्या वाड्यांमध्ये घाण्यात मळलेला चुना असायचा, त्याच जातीची गोष्ट. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो, भिंत श्वास घेते. आमच्या घराला आधीच्या मालकाने कोणा कंत्राटदाराकडून सिमेंटने दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, भरून घेतल्या होत्या, दिसायला एकदम टापटीप, पण पावसाचं आत गेलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर पडेना, ते विटांमधून निघायला लागलं, आणि थंडीत विटांच्या आतलं पाणी गोठून विटांची तोंडंच सुटून पडायला लागली. आतल्या बाजूला पोपडे. आजींच्या अर्ध्यात जुना चुना तसाच, त्यांची भिंत कोरडी! एकच पाऊस, एकच भट्टीची वीट, मधे फक्त सामाईक भिंत, आणि एवढा फरक. शेवटी आम्ही चुन्याचं काम येणारा गवंडी शोधला, त्याने सिमेंट हळूहळू छिन्नीने काढलं, ग्राइंडर विटांना लागेल म्हणून वापरला नाही, आणि चुना भरला. वाळायला दोन उन्हाळे गेले पण भिंत सुधारली. तुमच्या घराला ओल असेल तर इंजेक्शन, केमिकल वगैरे कोणी विकायच्या आधी बाहेरच्या दर्जा बघा, पन्हळी बघा, आणि बाहेरची माती जोत्यावर तर चढली नाही ना ते बघा. डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणारा थर, हा शब्द आपल्या गवंड्यांना पण माहीत असतो, इथे तो थर 1870 च्या दशकानंतरच्या नियमांमुळे रुळला, कधी स्लेटचा, कधी डांबराचा, माती त्याच्या वर गेली की तो असून नसल्यासारखा.

काही घरांना वीट दिसतच नाही, वर गुळगुळीत गिलावा, त्याला स्टको म्हणतात, चेल्टनहॅम, ब्रायटन, लंडनचा मैडा व्हेल भाग याने भरलेत. नीट बघितलं तर गिलाव्यात रेघा मारलेल्या दिसतील, दगडाचे चिरे वाटावेत म्हणून. आज ही घरं पांढरीशुभ्र रंगवतात, मूळचा रंग मात्र बाथ शहराच्या दगडासारखा मातकट पिवळसर असायचा, हे कळल्यापासून मला ते रस्ते डोळ्यांपुढे वेगळेच दिसतात.

छपराबद्दल थोडक्यात. काळी-निळी पातळ स्लेट म्हणजे बहुतेक वेल्सची, रेल्वे आल्यावर ती देशभर स्वस्तात पोचली, त्याआधी बोटीने आणि कालव्याने जिथे जाईल तिथे. अर्ध्या घरावर स्लेट आणि अर्ध्यावर जाड काँक्रीटची कौलं असं चित्र खूप दिसतं. काँक्रीट जड असतं, त्या बाजूचं छप्पर मधे खचलंय का बघा. माळ्यावर जाता आलं तर सामाईक भिंत वर छपरापर्यंत गेलीय का ते नक्की बघा, काही जुन्या जोड्यांमध्ये ती मधेच थांबते आणि माळा दोघांचा एकच असतो, आगीच्या दृष्टीने हे धोक्याचं.

स्टाईलवरून वय सांगायचं तर मोठे टप्पे एवढे धरा. साधं, सपाट, स्टको, उतार कमी असलेलं छप्पर, 1840 पर्यंत. गोल कमानीच्या खिडक्या, छपराच्या कडेला खाली ब्रॅकेटं, इटालियन थाट, 1840 ते 70. टोकदार कमानी, रंगीत विटांचे पट्टे, उंच त्रिकोणी माथे, 1850 ते 80, हे बघायला उत्तर ऑक्सफर्डमधल्या नॉरहॅम मॅनरसारखी जागा नाही. लाल वीट, टेराकोटाची सूर्यफुलं, पांढरं लाकूडकाम, 1875 च्या पुढे, ते वर्ष म्हणजे लंडनचं बेडफर्ड पार्क सुरू झालं ते, आर्किटेक्ट नॉर्मन शॉ तिथे 1877 ला आला. रुंद दर्शनी भाग, तळघर नाही, लाकडी पोर्च, शिशाच्या पट्टीतली रंगीत काच, 1900 ते 14. बर्मिंगहॅमजवळ कॅडबरीच्या बोर्नव्हिलला 1895 पासून कामगारांसाठी जोड्याच जोड्या बांधल्या, आणि पुढे 1918 च्या ट्युडर वॉल्टर्स रिपोर्टने, म्हणजे घरबांधणीवरच्या सरकारी अहवालाने, शहरात एकरी 12 पेक्षा जास्त घरं नकोत असं सांगितल्यावर सेमी हे अख्ख्या देशाचं घर झालं. दोन युद्धांच्या मधे इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 40 लाख घरं झाली, त्यात गोल बे विंडोवाली, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या खिडकीची, सेमी भरपूर.

आता डोळ्यांनी काढलेलं वय कागदावर तपासा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचे पण ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे फुकट आहेत, दोन सालांचे नकाशे काढा, एकात शेत आहे आणि पुढच्यात तुमची जोडी, की घर त्या मधल्या वर्षांतलं. 25 इंची, म्हणजे एक मैल साधारण 25 इंचांत दाखवणारा, नकाशा घ्या, त्यात दोन घरांमधली रेघ पण दिसते. मग जनगणना, 1841 पासून 1921 पर्यंतची माणसांच्या नावानिशी बघता येते, 1931 ची आगीत जळाली. घरनंबर बदललेले असतात हं, म्हणून नंबर नाही, कोपऱ्यापासून कितवं घर ते मोजत या. जुन्या इमारती जपायचं काम बघणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेच्या यादीत घर आहे का ते शोधा, सेमी असेल तर बहुतेक दोन्ही नंबर एकाच नोंदीत असतात.

आणि घर यादीत असेल तर खिडकी, दार, आतला जिना, काही पण बदलायच्या आधी कौन्सिलची लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागते, न घेता केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. यादीत नसेल तरी कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे कौन्सिलने जपण्यासाठी ठरवलेल्या भागात, आहे का विचारा. सामाईक भिंतीत बीम घालायचा, धुराडं कापायचं, तर 1996 च्या पार्टी वॉल ॲक्टप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस. मी तर म्हणते नोटिशीच्या आधी जाऊन तोंडाने सांगा, चहा प्या, आणि परवानगी असेल तर त्यांच्या घराचे फोटो काढून ठेवा, दाराचे, कोपऱ्यांच्या नक्षीचे, स्कर्टिंगचे, मापं टाकून. उद्या तुम्हाला तुमच्या बाजूचं परत करायचं झालं तर सुताराला दाखवायला तोच नमुना.

सरावाला पहिली फेरी कुठे मारायची विचाराल तर लंडनला वॉरिक अव्हेन्यू स्टेशनला उतरा. जवळच 10 हाउली प्लेस आहे, लोकमान्य टिळक 1918-19 ला तिथे राहिले, निळी पाटी आहे. आपली माणसं जातात, पाटीसोबत फोटो काढतात, निघतात. तुम्ही पाटी वाचून नमस्कार केल्यावर रस्ता ओलांडा आणि मान वर करा, धुराडी मोजा, स्टकोतल्या रेघा शोधा, खिडक्यांचे हॉर्न बघा, मग कालव्याच्या बाजूने ब्लॉमफिल्ड रोडने चालत एकेक जोडी वाचत जा. लोकांच्या खिडकीत कॅमेरा रोखू नका, कोणी बाहेर येऊन विचारलं तर सांगा घराचं वय बघतेय. मला आत्तापर्यंत दोघांनी आत बोलावून फरशी दाखवलीय.